बर्फातल्या मुंग्या

दर नाताळात आमच्या घरी एक बदक येतं आणि माझं डोकं उठवून जातं.

नातीच्या मोबाईलमध्ये येतं ते. इकडे नाशिकला आमच्या बिल्डिंगमध्ये नाताळ करणारं घर औषधाला नाही, पण पंचवीस तारीख जवळ आली की या पोरीला ते जुनं चित्रांचं बदक पाहिजे म्हणजे पाहिजेच. गळ्यात कंदील अडकवलेलं लठ्ठ बदक, गोठलेलं तळं, पलीकडच्या काठावर एका म्हातारीची झोपडी आणि झोपडीची काळोखी खिडकी. सणाच्या संध्याकाळी त्या खिडकीत दिवा नाही, म्हणून बदक कंदील घेऊन निघतं. संपली गोष्ट. हिच्या बापाने लहानपणी हेच बघितलं, त्याच्या आधी मी. मधल्या काळात केवढी रंगीत, नाचणारी, गाणारी कार्टुनं आली आणि गेली. हे बदक काही जात नाही.

बरं, बघायचं तर नीट बघावं की नाही? वादळ सुरू झालं की बोटाने सरकवून पुढे जाते. म्हणते, "इथे नुसतं पांढरं पांढरं आहे, आजी. बोअर." अगं बाई, त्या पांढऱ्या पांढऱ्यापायी मी किती नाताळ माळवदावर थंडीत काढले, तुला काय सांगू! आणि वर मला समजावायला बघते. हिला त्यातलं इंग्रजी सगळं कळतं. "आजी, ते काय बोलतात ते मी सांगते ना तुला." मी सांगू देत नाही. सून म्हणते, आईंचं काहीतरी विचित्रच असतं. असू दे.

माझी शाळा आठवीत सुटली. भोकरकडचं आमचं गाव. दुष्काळात विहीर तळाला गेली, की आत उतरून वाटीने घागर भरायची. अख्खी सकाळ त्यातच जायची. शाळेची घंटा मला विहिरीत ऐकू यायची. वर येऊन घरी घागर ठेवेपर्यंत मधली सुट्टी झालेली असायची. मग मास्तरांनी नाव कमी केलं. वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढी सवड नव्हती.

पुढे काही वर्षांनी गावातला एक माणूस लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई लागला. त्याने निरोप आणला की तिथल्या एका खानावळीत भाकरी थापायला बाई पाहिजे, खानावळवाल्या अक्का माणूस म्हणून सरळ आहेत. आई म्हणाली, जा. घरात ती एकटीच उरणार होती आणि ती म्हणाली, जा. नांदेडला बस बदलून मी लातूरला गेले. सगळ्या वाटेत गाठोडं मांडीवर होतं, एकदाही खाली ठेवलं नाही. कंडक्टर म्हणाला, "बाई, त्यात काय अंडी हायत का?" अंडी नव्हती. दोन लुगडी होती आणि भीती होती.

लातूर तेव्हा जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांच्या पाट्या नव्याकोऱ्या, नळ जुनेच, आणि नळांना पाणी नाही. भाड्याच्या घरांतून कचेऱ्या भरायच्या. कुठकुठून बदली होऊन आलेले कारकून बायकामुलं मागे ठेवून एकेका खोलीत तिघे-तिघे राहायचे, आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवायचे. जिल्हा वेगळा झाल्याने कोणाचं काय भलं झालं ते मला ठाऊक नाही. माझ्या भाकरीची सोय झाली, एवढं खरं.

अक्का उदगीरकडच्या लिंगायत. विधवा, अंगाने भरलेल्या, गुडघ्यांनी गेलेल्या. सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करायच्या, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढायच्या, त्यानंतर दिवसभर सगळ्यांवर ओरडायच्या. बोलताना मध्येच कानडी घुसायची. 'साकु' म्हणाल्या की पुरे समजायचं. भाजीत तेल साकु. तांब्यात पाणी साकु. तुझं रडणं साकु.

पहिल्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरामागची खोली दाखवली. दाराची आतली कडी स्वतः दोनदा लावली, दोनदा काढली. "ही तुझी. भाईरून कुनी बी वरडलं तरी उगडायची न्हाई. मी वरडले तरी न्हाई." परक्या गावात एकोणीस वर्षांच्या पोरीला असं सांगणारं माणूस भेटणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं. त्या कडीचे उपकार माझ्यावर अजून आहेत. पण उपकारांचाही एक त्रास असतो. भाकरी करपली की वाटायचं, आता घरी पाठवतील. दूध उतू गेलं की वाटायचं, आता पाठवतील. अक्का नुसत्या गप्प बसल्या तरी मी गाठोडं कुठे ठेवलंय ते आठवायला लागायचे.

समोरच्या खानावळीने टीव्ही आणला म्हणून आमच्याकडे टीव्ही आला. काळा-पांढरा, लाकडी शटरचा. अक्कांनी त्यालाही विभूती लावली. अँटेना लागली माळवदावर. माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर, खाली लाकडं आणि वर हातभर माती. त्यात लोखंडी पाइप रोवला आणि तारांनी ताणून बांधला. वारा सुटला की पाइप फिरायचा. चित्रावर मुंग्या यायच्या, म्हणजे सगळ्या पडद्यावर पांढरे ठिपके नुसते वळवळायचे. मग कोणीतरी वर जाऊन पाइप फिरवायचा आणि खालच्यांनी ओरडायचं: आलं, आलं, गेलं, मागं घे.

ते कोणीतरी म्हणजे मी. का, तर माळवदावर जड माणूस चढलं की माती सुटते आणि खाली पिठात पडते. अक्कांचा कायदाच होता तसा. कारकून सगळे अक्कांच्या जेवणावर सुटलेले, आणि मी काडीसारखी. "तूच जा गं. तुझं वजन माळवदाला कळत बी न्हाई."

माळवदावरच्या माणसाला आणखी एक काम होतं. तिथून कोपऱ्यावरचा लिंब दिसायचा, आणि टँकर यायचा तो त्या लिंबाखाली थांबायचा. गल्लीत झुंबड उडते म्हणून ड्रायव्हर आपणहून आत वळत नसे. गल्लीतलं माणूस पळत पुढे गेलं, हात केला, तरच तो आत यायचा. नाहीतर चालला पुढच्या गल्लीला. घागरी, हंडे, डबे दिवसभर ओळीने मांडलेले असायचे, पण टँकर कधी येईल ते देवालाही ठाऊक नसायचं. म्हणून टीव्हीच्या वेळेला मी वर उभी राहून एका हाताने पाइप धरायचा आणि डोळा लिंबावर ठेवायचा. दिसला की ओरडायचं, "आला!"

अशा थाटात माझा पहिला नाताळ आला. संध्याकाळी परदेशातला चित्रांचा सिनेमा आहे म्हणून सगळी गल्ली आमच्या जेवणाच्या खोलीत येऊन बसली. सुरुवातीला चित्र नितळ होतं, म्हणून मी दाराशी उभी राहून थोडं बघितलं. बघितलं आणि फसले. त्या म्हातारीची काळोखी खिडकी बघून मला आई आठवली. गावाकडे त्या साली रॉकेल मिळत नव्हतं. आई अंधार पडायच्या आत जेवून घ्यायची आणि दार लोटून बसून राहायची. ते बदक कंदील गळ्यात अडकवून निघालं तेव्हा बाकीची बदकं त्याला हसली, आणि मला वाटलं, हे पोचलं पाहिजे. दुसरं काही नको, हे पोचलं पाहिजे.

आमच्या गिऱ्हाइकांत दोघे जण बोलण्यात पुढे असायचे. एक टंचाईसाहेब. साहेब कसले, कलेक्टर कचेरीत टंचाईच्या टेबलावरचे कारकून. दुसरे भूगोलाचे मास्तर. पडद्यावर बर्फच बर्फ दिसलं तसे मास्तर म्हणाले, "हे जे पांढरं दिसून राह्यलं ना, हे सगळं पाणी हाय."

"सगळं?" अक्कांनी विचारलं.

"सगळं. गोठलेलं."

"अन् कुनी हंडा लावना?"

टंचाईसाहेब म्हणाले, "अक्का, एवढ्यात आपला अख्खा तालुका दोन वर्सं भागतो."

"तुमी गप बसा. आधी आमच्या गल्लीला एक टँकर येळेवर आना, मग तालुक्याचं बघा."

खोलीत हशा झाला. बदक तळ्यावर उतरलं, आभाळ भरून आलं, आणि एवढ्यात कोणीतरी ओरडलं, "मुंग्या! मुंग्या आल्या!" पडदा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला होता. अक्का म्हणाल्या, "जा गं, पळ." मी शिडी चढून वर गेले आणि पाइप फिरवला. खालून आवाज आला, "अजून हायत!" आणखी फिरवला. "आता तर चित्रच गेलं!" उलटा फिरवला. खर्रर्र. मग कोणी म्हणालं डावीकडं, कोणी म्हणालं उजवीकडं. चित्र सापडलं तेव्हा एक बाई बातम्या सांगत होती.

मी खाली आले. विचारलं, "पोचलं का?"

"कुठलं? तूच घालवलंस की सगळं." टंचाईसाहेब ताटावर बसत म्हणाले.

मला वाटलं होतं, शेवट कोणी बघितलाच नाही म्हटल्यावर विषय संपेल. कसला संपतोय! वर्षभर तोच विषय. दूरच्या देशातल्या एका बदकावरून ही पोटभरली माणसं दोन्ही जेवणं भांडायची आणि माझ्या भाकरी गार व्हायच्या. मास्तर म्हणायचे, बदक पोचतं, म्हातारी कंदील खिडकीत ठेवते, आणि मग गावात सगळ्यांच्या खिडक्यांत दिवे लागतात. असल्या सिनेमांचं असंच असतं. टंचाईसाहेब म्हणायचे, "म्हातारी उपाशी, बदक लठ्ठ. अजून काय सांगू?" बायका त्यांना शिव्या द्यायच्या. अक्कांचं वेगळंच. त्या म्हणायच्या, "पोचंल हो, पन कंदील इझलेला असंल. रॉकेल किती पुरतंय? इवढासा कंदील, इवढं मोठं तळं." मला कोणी विचारत नसे. मी वाढत असायचे.

दुसऱ्या वर्षी तो सिनेमा परत लागला. मी सुरुवातीपासूनच माळवदावर होते, कारण वारा होता. खालून आवाज तेवढे ऐकू यायचे. निघालं निघालं. हसली बघा मेली. तळ्यावर आलं. आणि नेमका तेव्हाच लिंबाखाली टँकर दिसला. आता काय करावं? क्षणभर जीभ उचलेना. पण ओळीत आमच्याही घागरी होत्या, आणि अक्कांचं अन्न माझ्या पोटात होतं. ओरडले, "आला!" सगळी खोली चपला न घालता पळाली. पाणी मिळालं. परत येऊन बघतात तर बातम्यांची बाई.

तिसऱ्या वर्षी परत मुंग्या. मी पाइप घट्ट धरून उभी होते, वारा नव्हता, पाइप तसूभर हलला नव्हता, तरी खालून ओरडा सुरू. "फिरव! फिरव की गं! झोपली का काय?"

"मी काईच केलं न्हाई!" मी वरून ओरडले.

"म्हनूनच मुंग्या आल्या! काईतरी कर!"

केलं काहीतरी. चित्र गेलं. खाली आले तर सगळे माझ्याकडे असे बघत होते की जणू बदक मीच मारलं. मास्तर हळहळून म्हणाले, "दर साली नेमकं त्याच जागी कसं येतं तुझं?" माझं! त्या दिवशी मी कडी लावून खोलीत बसले आणि भांडी उशिरा घासली. अक्का काही बोलल्या नाहीत, म्हणून मी आणखीच घाबरले.

मला आजही कळत नाही, त्या लोकांना त्या बदकाचं एवढं काय होतं. शेवट ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही, सण आपला नाही, बर्फ कोणी जन्मात बघितलेलं नाही. तरी दिवाळी सरली की गल्लीतल्या बायका विचारायला लागायच्या, "औंदा हाय का ओ बदक?" कुठल्या तरी माहेरवाशिणीबद्दल विचारावं तसं. कदाचित शेवट दिसत नव्हता म्हणूनच जीव टांगून राहिला असेल. किंवा डोळ्यांना तेवढंच पाणी बघायला मिळायचं, काय सांगावं.

चौथ्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा नाशिकला कारखान्यात. माघात लग्न, म्हणजे लातूरला हा शेवटचा नाताळ. पाऊस तर त्या साली आलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. अक्का जेवणाऱ्यांना तांब्या न देता पेल्याने पाणी वाढायच्या आणि वर विचारायच्या, "तहान हाय का सवय हाय?" हात धुवायचं पाणी परातीत धरून तेच भांड्यांना वापरायचो. टँकर दोन दिवसांआड, आणि आला तरी ओळीतल्या शेवटच्या घागरी रिकाम्याच परत जायच्या.

पंचवीस तारखेला मी दुपारपासून भाकरींचा ढीग लावला, भांडी पालथी घातली, हात पुसले. खोली भरली. टंचाईसाहेब पुढच्या पाटावर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "चला बाई, तुमची जागा घ्या." म्हणजे माळवद.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी न्हाई चढत."

जन्मात कोणाला मी नाही म्हटलं नव्हतं. मास्तर हसले. "कामून गं? पायाला मेंदी लागली का आत्तापासूनच?"

"लई झालं. दर साली तुमी बगता अन् मी पाइप धरते. दर साली माझ्याच नावानं खडे. मला बी बगायचंय ते पोचतंय का न्हाई ते. फिरवायचं त्यानं फिरवा." अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीच बोलल्या नाहीत. मला तत्काळ गाठोडं आठवलं. लग्नाला महिना-दीड महिना असताना ही बाई मला हाकलून देणार, गावात तोंड काय दाखवू, तिकडचे लोक काय म्हणतील, इथपर्यंत माझं मन पोचलं.

अक्कांनी लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि शिडीला हात घातला.

"अक्का, तुमी?" टंचाईसाहेब उठले. "अहो, माळवद! माती पडंल!"

"पडू द्या. तुमच्या डोस्क्यावर पडंल, पिठात न्हाई. पीठ झाकलंय मी."

"गुडघे, अक्का..." मी पुढे झाले.

"बस खाली," त्या माझ्यावर खेकसल्या. "साकु तुझं."

एकेक पायरी चढताना त्या 'शिवा, शिवा' करत होत्या आणि शिडी कुरकुरत होती. मी टंचाईसाहेबांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले, पण कसलं बघते! डोळे टीव्हीकडे आणि कान छपराकडे. अक्कांनी वर पाय टाकला की खाली मातीची चिमूट पडायची. आधी मास्तरांच्या टकलावर, मग पाटावर. मास्तर डोकं झटकून म्हणाले, "हे बी बर्फच समजा." माती पडली की मला बरं वाटायचं, अक्का हलतायत. थांबली की धास्ती, पडल्या तर नाहीत?

बदक निघालं. बाकीची हसली. तळ्यावर उतरलं. आणि सगळा पडदा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला.

"मुंग्या! अक्का, मुंग्या आल्या! फिरवा!"

वर काही नाही.

"अक्का, डावीकडं! अहो डावीकडं!" टंचाईसाहेब उठून दाराशी गेले, छपराकडे तोंड करून ओरडले. "ऐकू येतंय का?"

मातीची एक चिमूट टीव्हीवर पडली. चित्र तसंच राहिलं. ठिपके दाट झाले, पडद्यावरून तिरके, एकाच बाजूने वाहायला लागले. त्यांच्या आत काहीतरी काळं हललं. आवाज घोंघावत होता, तो टीव्हीचा होता. काळं जवळ आलं. गळ्यात काहीतरी लोंबकळत होतं.

"अगं बया," मागून एक बाई म्हणाली. "ते बदकच हाय की."

ओरडा कधी थांबला ते कळलंच नाही. मास्तर हळूच म्हणाले, "बर्फ पडून राह्यलाय."

"मुंग्या न्हाईत?"

"न्हाईत. पडून राह्यलाय."

इतकी वर्षं आम्ही अँटेना फिरवून ते वादळ घालवत होतो. बदक बरोबर वादळात शिरलं की आमच्याच लोकांनी त्याला पुसून टाकायचं, आणि बोल मला. मला हसावं का ओरडावं कळेना. दोन्ही केलं नाही, कारण बदक पडलं होतं आणि बाया 'पडलं गं बर्फात' म्हणून हळहळत होत्या. उठलं. परत पडलं. ते म्हातारीच्या उंबऱ्याशी नुसता पांढरा ढिगारा होऊन पडलं आणि कंदिलात उजेड नव्हता. दार उघडलं. म्हातारीने खाली बघितलं. ढिगाऱ्यातून मान वर आली. म्हातारीने कंदील उचलला, आतून काडीपेटी आणली, काडी ओढली, कंदील लावला, खिडकीत ठेवला. बदकाकडे बघून चारच शब्द काहीतरी बोलली. मग खिडकी लांबून दिसली, उजेडाची, आणि सिनेमा संपला.

मग टंचाईसाहेब म्हणाले, "एवढंच? घरात काडीपेटी होती तर बदकाला कशाला पाठवलं?"

"कंदील नव्हता की तिच्याकडं," मास्तर म्हणाले.

"मग रॉकेल? कंदिलात रॉकेल उरलं कसं?"

झालं, पुढच्या वर्षीची सोय झाली. मी डोळे पुसले आणि शिडीकडे पळाले.

अक्का माळवदाच्या कडेला पाय पसरून बसल्या होत्या. एक हात पाइपावर. विभूती घामाने ओघळलेली.

"पोचलं का?" त्यांनी विचारलं.

"पोचलं."

"कंदील?"

"इझलेला व्हता."

अक्कांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "म्हनलं व्हतं का न्हाई मी! रॉकेल किती पुरतंय!" मग म्हणाल्या, "मग?"

"म्हातारीनं काडी ओढली अन् लावला."

"बरं झालं." त्यांनी पाइपावरचा हात काढला.

"अक्का, तुमी फिरवला कामून न्हाई? सगळे वरडत व्हते."

"वरडू दे. मला कुठं म्हाईत डावं कुठलं अन् उजवं कुठलं. मी चढले ते तुला बसायला जागा व्हावी म्हून, पाइप फिरवायला न्हाई." त्या लिंबाकडे बघत म्हणाल्या, "टँकर आला व्हता."

मला आधी कळलंच नाही. "कवा?"

"बदक मातीत... बर्फात पडलं म्हनून खाली बाया हळहळल्या न्हवं, तवाच. थांबला थोडा टाइम. हारन वाजवला. मंग गेला पुढल्या गल्लीला."

"अक्का!" मी जवळजवळ किंचाळले. "अहो, सांगायचं की! आता उद्या काय करायचं? भांडी कशात घासू? कनीक कशात मळू? गल्ली जीव घेईल आपला!"

"माझ्या रांजणात हाय. उद्या पेल्यानं वाटीन सगळ्यांना, घेतील शिव्या देत." त्या माझ्यावरच चिडल्या. "टँकर काय, परवा बी येईल, न्हाई आला तर तुझा तो टंचाईवाला हाय, त्याच्या उरावर बसू. तुला परत कवा बघायला भेटनार व्हतं? लगीन झाल्यावर कुठली सासू बसू देती टीव्हीसमोर?"

मी त्यांच्याजवळ बसले. माळवदाची माती थोडी खचली, आणि खालून मास्तर ओरडले, "अहो, दोघी दोघी नका बसू!" कोणी लक्ष दिलं नाही. गल्लीत घागरींची ओळ तशीच उभी होती, रिकामी, वर दगड ठेवलेली. मला खूप काही म्हणायचं होतं. कडीबद्दल, त्या खोलीबद्दल. पण अक्कांना असलं बोललेलं चालत नसे, 'साकु' म्हणाल्या असत्या. मी नुसता त्यांचा गुडघा चेपत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "म्हातारी काय म्हनली गं? कंदील लावल्यावर?"

"इंग्रजीत म्हनली. मला काय कळतंय?"

"मास्तरला इच्यारलं न्हाई?"

"त्यांना बी न्हाई कळलं. भूगोलाचे हायत ते."

अक्का विचारात पडल्या. मग अगदी खात्रीने म्हणाल्या, "'एवढा उशीर कामून केलास' असंच म्हनली असंल. दुसरं काय म्हनतंय मानूस, एवढी वाट बघितल्यावर?" आणि माझ्या खांद्यावर सगळं वजन टाकून उठल्या. "चल. आता मला खाली उतरव. चढले खरी, पन उतरायचं काय ध्यानात घेतलं न्हवतं."